मागाच्या लाकडाचा नंदी आणि माझी बाकीची मिळकत

मी, वामनराव ईश्वरदास धकाते, वय वर्षे शहात्तर, पूर्वी हिंगण्याच्या कारखान्यात फिटर, सध्या पेन्शनर आणि लाकडी बैलांचा कारागीर, राहणार नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि अत्यंत आनंदात करून ठेवत आहे. डॉक्टर मुग्धाताईंनी रक्तदाब तपासून "काका, जरा शांत राहा," असे सांगितले. पण काल आमच्या सोसायटीत तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, झाला! शांत कसा राहू?

१. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते आणि त्यात मुलगा मोहित याला फ्लॅटमधून वगळले होते. मोहित वाढदिवसांच्या आणि पार्ट्यांच्या सजावटीचा धंदा करतो. त्याने माझा लाकडी नंदी एका हॉटेलच्या रिसेप्शनमध्ये ठेवायला द्यायचे कबूल केले होते, मला न विचारता. वर म्हणाला, "बाबा, वर्षभर कोपऱ्यातच तं उभा राहते तो. तिथं लोक फोटो काढतील."

हा नंदी बाजारातून आणलेला नाही. माझे वडील इतवारीत मागावर लुगडी विणत. लोकांना टेरिलीन हवे झाले, लुगड्यांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा त्यांनी माग मोडला. लाकूड चुलीत घातले नाही. त्याचा कमरेएवढा, चाकांवरचा नंदी केला आणि मला म्हणाले, "वामन्या, माग गेला तं गेला. याले जाऊ देजो नको." असा नंदी मी हॉटेलातल्या विलायती झाडाशेजारी फोटोसाठी उभा करीन काय?

२. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी माझ्या पश्चात पत्नी देवकी हिला मिळाव्यात आणि तिच्यानंतर मोहितला. देवकीला आधी, कारण कालचा पोळा मुळात तिच्या चुकीतून उभा राहिला. ती हकीकत येथे नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

मागच्या ऑक्टोबरात मोहित आणि सोसायटीचे सेक्रेटरी सुमंत यांनी हॅलोविन ठेवले. मी मीटिंगमध्ये कडाडून विरोध केला. आपले पितर पंधरवड्यात येतात, जेवून जातात, कोणाला घाबरवत नाहीत. ही परक्यांची भुते कशाला हवीत? कोणी ऐकले नाही. संध्याकाळी बेल वाजली. दारात मुखवटे घातलेली पोरे. मी ओरडायला तोंड उघडले, तेवढ्यात देवकी बाहेर आली. नटलेली पोरे घोळक्याने दारात आली म्हणजे तान्हा पोळा, एवढेच तिला जन्मभर ठाऊक. ती आत गेली, ताट घेऊन आली, एकेका भुताच्या कपाळी टिळा लावला, ओवाळले, हातावर बोजाऱ्याची, म्हणजे पोळ्याच्या ओवाळणीची, नोट ठेवली आणि पुढच्या भुताला विचारले, "अवं, बैल कुठी हाये तुमचा?"

भुताने मुखवटा काढला. ती आमची नात खुशी निघाली. "आजी, आम्ही भूत आहोत. भुतांकडे बैल नसतो."

"बैलाबिगर बोजारा मांगाले आले? काहून वं?"

मागून एका सांगाड्याने विचारले, "आजोबा, बैल कुठे मिळतो?"

मी ओरडायचे विसरलो. म्हणालो, "मी देतो."

३. माझा रंधा, पटाशी, हातड्रिल आणि हिंगण्याच्या जुन्या सोबत्यांनी बैलांच्या चाकांसाठी दिलेली बेअरिंगे सुमंतला द्यावीत. मी पार्किंगमध्ये बैल करायला बसलो तेव्हा याच गृहस्थाने "ठोकाठोकी बंद" अशी नोटीस लावली होती. पुढच्या रविवारी स्वतःच पॉलिशपेपर घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. त्या नोटिशीचा राग मी येथे सोडतो. हॅलोविनचा सोडलेला नाही.

४. खुशी म्हणते, "आबा, पँटपण बाहेरूनच आली, ती तर तुम्हीपण घालता." घालतो. पण पँटीने माझ्याकडून माझा पोळा कधी काढून घेतला नाही. म्हणून पोरांना भूत व्हायचे असेल तर खुशाल व्हावे. मात्र आमच्या दारात टिळा लावून घेतल्याशिवाय चॉकलेट मिळणार नाही.

५. काल पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती! झूल, घुंगरू, तोरणे, आणि बैलच बैल! एका पोराने बैलाला भुताचा मुखवटा चढवला होता. मी हरकत घेणार, तोच देवकीने त्यालाही ओवाळले. सगळ्यांच्या पुढे आमचा नंदी. गेटच्या उतारावर त्याचे चाक अडकले. मोहित बाजूला फोनवर त्या हॉटेलवाल्याशी बोलत होता. तो धावत आला, नंदीला खांदा लावला, आणि फोन कानाला तसाच ठेवून ओरडला, "नाही देता येत, भाऊ! त्याले काम हाये!"

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. मला रडू आले. पहिले मृत्युपत्र तिथेच संपले.

६. नंदी खुशीला द्यावा. तो काचेत ठेवू नये, भाड्याने देऊ नये. दरवर्षी बाहेर काढावा, मग रंग उडाला तरी चालेल.

७. माझा मृत्यू पोळ्याच्या दिवसांत झाला तर सुतक धरून तान्हा पोळा रद्द करू नये. पोरांना ताटकळत ठेवू नये. आधी गेटमधून नंदी न्यावा, मग मला. हे ऐकून देवकी म्हणाली, "सणासुदीचं काय अभद्र बोलून राहिले जी?" तरीही कलम कायम आहे.

हे सर्व वाचून, समजून घेऊन खाली सही करीत आहे.

नागपूर, बुधवार, दि. ४ सप्टेंबर २०२४

(सही) वामनराव ईश्वरदास धकाते

साक्षीदार:
(सही) डॉ. मुग्धा देशकर
(सही) शामला उमरेडकर, शेजारी

टंकलेखन: मोहित वामनराव धकाते. मुलाकडून टाइप करून घेऊ नका, असे वकिलांनी बजावले होते. मी हट्टाने घेतले. सातवे कलम मी सांगत असताना तो मध्येच उठून गॅलरीत गेला. परत आला आणि मी सांगितले तसेच, एक शब्द न बदलता, लिहिले.