वरून भरलेलं नाव

३ जुलै १९९४, भिंगार
खोली मिळाली आणि कामही. गोरक्षचं लाउडस्पीकरचं दुकान आहे, खोली त्याच्या मागेच. कोणी वारलं की त्याची रिक्षा भोंगा लावून बाजारभर सांगत फिरते. ते सांगणं कॅसेटमध्ये भरायचं काम माझं, आवाज खणखणीत आहे म्हणून. चौथीच शिकलो, पण इथले पदवीवाले 'निधन'ला 'निदन' म्हणतात. बायको, लंकाबाई, खूश आहे. नेवाशाला लेकाच्या दारात पडून राहण्यापेक्षा बरं, म्हणाली.

५ जुलै
गोरक्ष महाचेंगट. सगळ्या मयतांना कॅसेट एकच. मजकूर तोच ठेवायचा, फक्त नावाच्या जागी नवं नाव परत भरायचं. विचारलं, आधी रिकामं नाही का करावं लागत? म्हणाला, बाबा, घागर हाय व्हय ती? वरून भरलं की आतलं आपोआप जातं. कुठं जातं, ते या दीडशहाण्याला ठाऊक नाही. आज रंभाजीवर भीमाबाई भरली. मेल्यावरही माणसं एकमेकांच्या डोक्यावर बसतात.

९ जुलै
भीमाबाईवर अमृत नावाचा कोणी भरला. वाजवून पाहिलं, तर नाव संपल्यावर बारीक 'ओ' आली. बाईची. मशीन भंगारातलं असणार. गोरक्षला सांगितलं, तर म्हणे कान तपासून घ्या.

१२ जुलै
लंकाबाई भाकरी घेऊन दुकानात आली, तिनंही ऐकलं. तिचा चेहरा उतरला. मेलेल्याला हाक मारू नये, तो ओ देतो, असं तिची आई सांगायची म्हणे. अडाणी आईची अडाणी लेक. म्हटलं, तुझंच नाव भरतो. तू जिवंत आहेस, मग बघू ओ कोण देतं. आवं, नका वो, म्हणत तिनं हात धरला. मी झटकला. बटणं दाबली, नाव स्पष्ट भरलं, वाजवलं.
ओ आली. तिचीच. ती समोर तोंड मिटून उभी होती.

१३ जुलै
लंकाबाई बोलत नाही. रुसली असेल. बायकांना दुसरं येतं काय? चूल पेटवते, भाकरी थापते. हाक मारली तर मान वळत नाही. डॉक्टर म्हणाला, घसा ठीक, कान ठीक, वयाचं आहे. शिकलेलं गाढव.

१५ जुलै
तिचं नाव घालवायला वरून रंभाजी भरला. रंभाजीला ओ लंकाबाईनं दिली. मग भीमाबाई भरली, अमृत भरला. परत तीच. मग काहीच न बोलता, नुसतं गप्प बसून भरलं. त्या गप्पपणातही ओ. गोरक्ष म्हणाला, फेका ती कॅसेट. म्हटलं, लंकाबाई आत आहे. या वेळी तो कान तपासा म्हणाला नाही. किल्ली टेबलावर ठेवून निघून गेला.

१६ जुलै
मशीन बंद. कॅसेट बाहेर, माझ्या हातात. तरी हाक आली. माझं नाव, माझ्याच आवाजात. मी ते कधी भरलं नव्हतं — ओ दिली नाही. दिली की मीही आत. परत आली. नाही दिली. मागे लंकाबाई भाकरी थापतेय, थाप ऐकू येते — मग हे कोण —

१७ जुलै
हाक आता नाव घेत नाही. नुसतं 'आवं'. जन्मात माझं नाव घेतलं नाही तिनं, तशीच — तिचाच आवाज. इतक्या दिवसांनी.
ओ जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेल कोंबलाय. 'आवं, ऐकताय न्हवं?' म्हणते. माझ्यावर लई जण हायेत, म्हणते. जागा न्हाई, म्हणते — रडतेय —
ओ देणार नाही. लिहून ठेवतो, देणार ना— टॉवेल ओला झाला, काढला फक्त. श्वास घ्यायला. परत म्हणाली. मी एवढंच म्हणेन की, आलो गं, थांब, आ