भिंतीवरच्या काकू तुमच्याकडे येताहेत

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात). तुमचं ब्लडप्रेशर ताळ्यावर असेलच. नसेल तर हे बसून वाचा. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून आजच कुरियरने पत्र धाडतोय. ताजी बातमी अशी की काकूंनी तुमच्याकडे यायचं शनिवारच्या बसचं तिकीट काढलं. आमच्या रखवालदाराने ते स्वतः पाहिलं.

कोण काकू, असं विचारालच. आम्ही सध्या म्हाताऱ्या माणसांना घरची वाट दाखवणारं अ‍ॅप करतोय. आमच्या कामात आधी खऱ्या माणसांशी बोलतात, मग सगळ्यांची मिळून एक काल्पनिक व्यक्ती रचतात आणि तिचं कार्ड भिंतीवर लावतात. पुढे पावलोपावली विचारायचं, हिला हे जमेल का? पण साहेबांना घाई. म्हणाले, "माणसांना नंतर भेटू, आधी कार्ड लाव!" मी लावलं. फोटो विकतचा, डाव्या गुडघ्यात कळ, पासवर्डवर विश्वास नाही. घर कुठलं तरी हवं, म्हणून तुमच्या माडीवरची खोली दिली, निळ्या खिडकीसकट (रिकामीच होती, रागावू नका).

परवा चाचणीला बाहेरची माणसं बोलावली होती. सगळ्यांत शेवटी आल्या त्या फोटोतल्याच काकू. डावा गुडघा धरून खुर्चीत बसल्या, भिंतीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "कळ द्यायचीच होती तर माडीवर घर कशाला दिलंस रे?" मला वाटलं, साहेबांनी गंमत म्हणून कुणी नटी आणली. साहेबांना वाटलं, मी आणली. दोघंही एकमेकांवर खूश!

आता ऐका. हे अ‍ॅप म्हणजे अजून नुसती चित्रं आहेत. बटण दाबलं की पुढचं चित्र, बस; आत नकाशा नाही की काही नाही. काकूंनी 'घरी' दाबलं. बाण वळला. तुमची गल्ली आली, मग निळी खिडकी, आणि आतून कुणीतरी पडदा सारून बाहेर पाहिलं. तुम्हीच होतात, मामा. साहेब म्हणाले, "वा! बटण मात्र जरा मोठं करा."

मी भीतभीत विचारलं, "काकू, इतके दिवस कुठे होतात?"

"इथेच की. तुम्ही दिवे घालवून जाता ना, मग फार अंधार होतो."

बाकी सर्व क्षेम.

तुमचा भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. ज्या कार्डामागे मुलाखत नाही, ते टोपलीत टाकायचं, असा वरून हुकूम आलाय. सोमवारी भिंत साफ होणार. तेव्हा काकू आल्या की समोर बसून विचारा, त्यांना काय आवडतं, कशाची भीती वाटते. मी लिहिलेलं नको, त्यांचं त्यांनी सांगितलेलं हवं. एक जरी उत्तर मिळालं तरी रविवारी फोन करा.

ता. क. २. टाळाटाळ करू नका. काकूंना एकटं वाटू नये म्हणून मी कार्डावर एक भाऊही घातला होता: विधुर, तापट, रेडिओ मोठ्याने लावणारा. त्याच्या फोटोची चौकट कोरीच ठेवली होती. आज सकाळी तीत तुम्ही होतात. कार्ड काढतात ते अख्खंच काढतात, मामा, आणि सोमवारी साहेब लवकर येणार आहेत.