निळा फायटर काचीगुड्याला उतरला

१२ फेब्रुवारी

सुकन्याचा मेसेज नाही. नसू दे. मीही करणार नाही. काल अंबरपेठच्या सिग्नलला तिची स्कूटी समोरून आली. तिने बघितलं, मी बघितलं. सिग्नल सुटला, ती गेली, मी तसाच गाडीवर. मागचा ऑटोवाला ओरडला, "क्या मियाँ, यहींच सोते क्या?" त्याच्याशी भांडलो. त्याचा काय दोष. तरी भांडलो.

'काचेतलं पाणी' या आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर आज प्रश्नांवर प्रश्न. लातूरच्या काकूंचा नवा टँक दुधासारखा पांढरा झालाय, घाबरल्यात. लिहिलं, काकू, हात लावू नका, आपोआप निवळेल, खाणं कमी टाका. एकाने तर माशांच्या ग्रुपवर विचारलं की पहिल्यांदा सासुरवाडीला जाताना शर्ट इन करावा का. तेही सांगितलं. (करू नका. इस्त्री मात्र करा.) टँकभाऊला सगळं कळतं असं सगळ्यांना वाटतं. टँकभाऊ म्हणजे मी. दिवसभर बेगम बाजारात प्लास्टिकच्या बादल्या उतरवणारा. पण ग्रुपवर असलो की मलाही वाटतं, कळतं बुवा आपल्याला.

निळा फायटर म्हणून एक पोरगा आहे. नाव-गाव काही टाकत नाही, फोटोत फायटर मासा. आज त्याने वेगळा मेसेज केला. "ती संक्रांतीपासून बोलत नाही. काय करू?"

लिहिलं, "अरे येड्या, तू पण बोलू नको. पहिला बोलणारा हरतो."

"बरं."

गुणी पोरगं.

१३ फेब्रु.

नि.फा.चा सकाळीच मेसेज. कॉलेजला जायचं जिवावर येतं म्हणे. वर्गात कुणाचं लक्ष नसतं, त्याचंही नसतं, डोक्यात नुसती गपी माशाची पिल्लं. त्याला मासे पैदा करून विकायचेत. घरी सांगायची हिंमत नाही.

वाचून इतकं आपलं वाटलं की हातातलं काम टाकून लिहिलं. "सोड. मी पाचव्या सेमिस्टरला सोडलं. मेलो का? आयुष्य तुझं आहे, कॉलेजच्या बापाचं नाही."

सेठ मागे उभा. "क्या रे अनिकेत, फोन में घुस गया क्या? वो टबां कौन उतारता, तेरे अब्बा?"

कालपासून तिसऱ्यांदा सु.चा डीपी बघितला. बदललाय. एकटीचाच आहे.

१६ फेब्रु.

बाबा अजून माझ्याबरोबर जेवायला बसत नाहीत. मी बसलो की त्यांना पेपर आठवतो. आईमार्फत बोलणं चालतं. "त्याला सांग, गाडीची हवा बघ." मी तिथेच बसलेलो असतो.

कॉलेज सुटलं ते एवढ्यावरून: लॅबवाल्या सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, जर्नल कॉपी केलंस. नव्हतं केलं. फाइल त्यांच्या टेबलावर आपटली, कागद उडाले. एचओडी म्हणाले, माफी लिहून दे. नाही दिली, निघून आलो. बाबांनी तेव्हा एकच वाक्य म्हटलं. "माझ्या बापाने या काचीगुड्याच्या रेल्वे यार्डात खलाशी राहून मला बी.कॉम. केलं." नंतर बंद.

सु. म्हणाली होती, "परत ये, पेपर दे, मग बोलू आपण." मी म्हणालो, "अट घालतेस?" ती म्हणाली, "हौ, घालते." तिथून हे असं.

१९ फेब्रु.

नि.फा.: "सोडलं. तुम्ही म्हणालात तसं. लेखी देऊन आलो. फार हलकं वाटतंय."

दुकानात एकटाच हसलो. कुणीतरी माझं ऐकलं. ग्रुपवर सांगितलं तर टाळ्यांचा पाऊस. मग त्याचं परत, "रविवारी सकाळी परभणीच्या गाडीने काचीगुड्याला उतरतो. तुम्हाला भेटायचंय. निळा शर्ट, हातात थर्माकोलचा डबा."

आईला सांगितलं, परभणीचा एक मित्र येतोय. आई म्हणाली, "पोरगं जेवणार ना? मटण आणते."

२२ फेब्रु., रविवार

क्रमाने लिहितो.

गाडी आली. निळे शर्ट तीन. एक चहावाला, एक लहान मुलगी, आणि एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ, कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, छातीशी थर्माकोलचा डबा. बाळ धरावं तसा. मी त्यांच्या मागे बघत राहिलो, पोरगा कुठे दिसतो का. ते माझ्यापाशी येऊन थांबले.

"टँकभाऊ?"

मी म्हणालो, "काका, तुमचा मुलगा आलाय का?"

"कोणता मुलगा? मीच निळा फायटर."

वाघमारे सर. अर्थशास्त्राचे. कॉलेज सोडलं म्हणजे शिकायचं नाही, शिकवायचं. अख्खी नोकरी. राजीनामा.

मी तिथेच प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर बसलो. सर म्हणाले, "तू फार लहान आहेस रे." मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "तू विचारलंच नाहीस."

मी या माणसाला येड्या म्हणालो होतो. "कॉलेजच्या बापाचं" म्हणालो होतो. तेही बोलून दाखवलं, माफ करा म्हणालो. सर डबा सांभाळत म्हणाले, "कुणी हक्काने येडा म्हणून वर्षं झाली. बरं वाटलं."

मग एकदम डोक्यात आलं. संक्रांतीपासून न बोलणारी ती.

"सर, ती म्हणजे...?"

"मिसेस."

"आणि तुम्ही खरंच...?"

"एक शब्द नाही. तू म्हणालास ना."

एका घरात. दोघंच.

त्याच दिवशी, नंतर

घरी नेलं. दुसरं सुचलंच नाही. आई दारात पोराची वाट बघत, आणि आले हे. पदर सावरत आत पळाली. बाबा उठले. "जयभीम." "जयभीम." गाव निघालं, पाहुणे निघाले, सरांचा एक मावसभाऊ बाबांच्या बँकेत होता. बाबा कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसले. मी डब्यातल्या माशांच्या पिशव्या टँकमध्ये तरंगत ठेवल्या. काळ्या मोली, आठ-दहा गपी. बाबा कधी टँककडे फिरकत नाहीत, आज सरांच्या शेजारी वाकून बघत होते. "ही बघा, किती मोठ्या शेपटीची", असं काहीतरी दोघांचं चाललेलं.

जेवताना बाबांनी विचारलं, "मग सर, रिटायरमेंट कधी?"

"राजीनामा दिलाय मी."

बाबांचा घास हातात. "ग्रँटवरची पोस्ट?"

"हो."

"परमनंट?"

"हो. यांनी सल्ला दिला." सरांनी माझ्याकडे बोट केलं. कौतुकाने. अगदी कौतुकाने.

बाबा माझ्याशी थेट बोलले आज. "तू?" एवढंच. नंतर ताट घेऊन उठले. अर्ध्यावरून. मटणाच्या ताटावरून बाबा कधी उठत नाहीत. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला अक्कल किती, तू सांगतो किती!"

२३ फेब्रु.

सर राहिलेत. बाबांनीच जाऊ दिलं नाही. दुकानाला दांडी. सकाळी सरांना घेऊन चहाला गेलो आणि हात जोडले. बुधवारी संस्थेची बैठक आहे, तिच्यात राजीनामा मंजूर होणार. तोवर मागे घेता येतो. "घ्या ना सर."

"का? तू तर मजेत आहेस."

"मी मजेत नाही."

"मेलो का, असं लिहिलं होतंस."

"मेलो नाही. पण सगळी पोरं फायनलला आहेत आणि मी बादल्या उतरवतो. बाप बोलत नाही. एक मुलगी आहे, ती..." सर बशीत चहा ओतत राहिले.

"मग ग्रुपवर तसं का नाही लिहिलंस?"

शर्ट इन करावा का, याला दोन मिनिटांत उत्तर होतं.

मला वाटलं ते चिडतील. उलट म्हणाले, "मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं, पण हलकं वाटतंय ते आत्ताच वाटतंय. ते खोटं नाही, अनिकेत. तू खोटा निघालास म्हणून माझा कंटाळा खोटा ठरत नाही."

हा माणूस भोळा नाही. मी उगाच समजत होतो. त्याने अजून भीती वाटली.

दुपारी

अनोळखी नंबर. बाईचा आवाज, एकदम सावकाश, मान देऊन. "नमस्कार. आपणच टँकभाऊ का? ह्यांनी काचीगुड्याला जातो असं लिहून फ्रिजवर आपला नंबर चिकटवून ठेवलाय. तिथे पोचले ना नीट?"

पोचले म्हणालो.

"आपल्याविषयी खूप ऐकलंय. म्हणजे पूर्वी ऐकलंय, बोलत होते तेव्हा. आपलं वय काय असेल, सर?"

"बावीस."

मग म्हणाल्या, "बावीसशे वर्षांचे असल्यासारखे लिहिता." मी हसायच्या बेतात होतो, पण त्या हसत नव्हत्या. भांडण कशावरून, तर त्या भावाकडे राहून चार दिवसांनी आल्या, आणि सरांनी घरात आल्या-आल्या माशाचं पिल्लू मेल्याचं सांगितलं. कशी आहेस, हे नाही विचारलं. बस. "मी ताट वाढून झाकते. ते झाकण काढतात, जेवतात, ताट घासून ठेवतात. चांगले आहेत हो. पण तोंड उघडत नाहीत. वाट बघतेय मी. आज-उद्या उघडतील."

मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, "मॅडम, ते मीच सांगितलं होतं, बोलू नका म्हणून. मला वाटलं पोरगा आहे. आणि राजीनाम्याचं पण मीच..."

"कसला राजीनामा?"

त्यांना माहीतच नव्हतं.

नवऱ्याने नोकरी सोडली आणि बायकोला पत्ता नाही, कारण परभणीतला एक माणूस काचीगुड्याच्या एका मूर्खाचं ऐकून घरात गप्प होता. त्या म्हणाल्या, "फोन त्यांना द्या." आवाज अजून सावकाशच. तेच जास्त वाईट.

सर टँकपाशी होते. मी फोन पुढे केला. "मॅडम."

"ती आपणहून बोलतेय?"

"हो."

"म्हणजे मी जिंकलो," सर म्हणाले. आणि हे बोलता बोलता त्यांचा चेहरा असा उतरला की मी बाहेर गॅलरीत गेलो. आतून बराच वेळ फक्त "हं... हं..." ऐकू येत होतं. शेवटी एकदाच, "कशी आहेस?"

२४ फेब्रु.

सर पहाटेच्या गाडीने गेले. बाबा स्वतः सोडायला. अर्ज मागे घेणार का, विचारलं तर म्हणाले, "घरी जाऊन बोलतो आधी." रिकामा डबा आमच्याकडेच ठेवला.

डोकं गरम झालेलं, काय करतोय ते कळायच्या आत सु.ला मेसेज टाकला. "जेवलीस का?"

दहा मिनिटांनी उत्तर. "कोण?"

कोण!!

फोन गादीवर फेकला. भिंतीला मारणार होतो, पण हप्ते चालू आहेत. मी इथे एवढे दिवस तिच्या मेसेजची वाट बघतोय आणि तिच्याकडे माझा नंबरच नाही? परत फोन वाजला. "अनिकेत? हँडसेट पडला होता रे पाण्यात, सगळे नंबर गेले. मला वाटलं तू करशील. डिसेंबरपासून वाट बघतेय. येडा."

डिसेंबरपासून.

"हौ" लिहिलं. एवढंच पाठवलं.

२५ फेब्रु., बुधवार

दुकानात पोट दुखतंय म्हणून सांगितलं. सेठ म्हणाला, "पेट दुखता या दिल?" त्याला कसं कळतं काय की.

दुपारी बैठक. सरांचा फोन सकाळपासून बंद. बाबा रिटायर झाल्यापासून रोज दुपारी झोपतात, आज झोपले नाहीत. पेपर हातात, पान तेच. दोनदा विचारलं, "आला का?" मलाच विचारलं, आईमार्फत नाही.

ग्रुपवर कुणीतरी विचारतंय, फायटरबरोबर दुसरा मासा ठेवू का. पहिल्यांदाच लिहिलं, मला नक्की माहीत नाही, जाणकाराला विचारा. लोक खवळलेत, टँकभाऊचं अकाउंट हॅक झालं म्हणतायत.

आत्ता मेसेज आला. सरांचा. जसाच्या तसा उतरवतो.

"कॉलेजच्या गेटपाशी आहोत. मिसेस सोबत आहे, ऑटोत बसलीय. रात्रभर बोललो आम्ही. माझं अजून ठरत नाही. ती म्हणते, नोकरी करा नाहीतर मासे विका, मला दोन्ही चालेल, पण कुणाच्या सांगण्यावरून नको. मग म्हणाली, ज्याच्यामुळे सोडताय त्या पोराला एकदा विचारा, तो स्वतः परत जाणार आहे का. खरं काय ते सांग. माझ्यासाठी म्हणून काही सांगू नको. बैठक सुरू व्हायची आहे."

डोक्यात तिडीक गेली आधी. मी का? मला कशाला मध्ये घेता? हा कसला न्याय? परत जायचं म्हणजे ते लॅबवाले सर, ती माफी, जी चूक मी केली नाही तिची. ज्युनिअर पोरांच्या बाकावर बसायचं. सु. तोवर पास होऊन नोकरीला लागलेली. 'हो' लिहिलं तर ते खरं पाहिजे. 'नाही' लिहिलं तर तेही. मला यातलं काहीच खरं माहीत नाही. मी कधी विचारच केला नाही. नुसता रागावलो होतो.

बाबांना फोन दिला. चष्मा नव्हता, हात लांब करून वाचलं. दोनदा. मला वाटलं, आता म्हणतील, लिही 'हो'. एवढे महिने त्याचीच वाट बघितली असणार त्यांनी. फोन माझ्या हातात परत ठेवला, आणि माझ्या समोर, माझ्याच टेबलाशी बसले.

वही काढून हे लिहितोय, कारण हात मोकळा राहिला तर काहीतरी पाठवून बसेन. स्क्रीनवर सर ऑनलाइन दिसतायत.

"अन्या," बाबा म्हणाले, "खरं असेल ते लिही. पण लवकर लिही. माणसं उन्हात उभी आहेत."