पान चौदा, परिच्छेद दुसरा

१२ ऑक्टोबर

प्रिय मुंगीस,

ताईचे आशीर्वाद. तू बरी आहेस असं धरून चालते, कारण तू कळवत नाहीस आणि मी विचारत नाही. माझा गुडघा तसाच कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात चाला, गुडघा म्हणतो बसा. मी गुडघ्याचं ऐकते.

बसून काय करते, तर ऑनलाइन ज्ञानकोशातली आपल्या शाळेची नोंद राखते. टोपणनावाने, चार वर्षं झाली. तिथे कोणीही लिहू शकतं, त्यामुळे कोणीतरी पुसावंही लागतं. शाळेच्या ऑफिसातला प्रसिद्धीवाला दर सोमवारी ‘नामवंत’, ‘अग्रगण्य’ अशी विशेषणं पेरून जातो आणि मी चहा निवायच्या आत ती उपटते. कसा कोण जाणे, त्याने माझा नंबर मिळवला. “बाई, निदान एक तरी ठेवा.” मी म्हटलं, “पुरावा आण, दोन ठेवते.”

नियम साधे आहेत. छापील संदर्भ नसेल तर वाक्य राहत नाही. स्वतः पाहिलेलं चालत नाही. आणि ज्याचा विषयाशी संबंध आहे त्याने हात लावायचा नाही. पहिले दोन मी सगळ्यांना ऐकवते.

जूनमध्ये कोणीतरी निनावी माणूस भिंतीच्या वाक्याला हात घालू लागला. नोंदीत होतं: ‘मनाई असताना भिंतीवर चढलेल्या दोन विद्यार्थिनी भिंत कोसळून जखमी झाल्या.’ संदर्भ, शाळेचं वार्षिक, पान चौदा. निनावीने त्या जागी लिहिलं की खेळाच्या बाईंनीच मुलींना पताका सोडायला वर पाठवलं होतं आणि भिंत हलते हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी जुनं वाक्य परत बसवलं. पुन्हा बदललं, पुन्हा बसवलं. चर्चापानावर विचारलं, ‘संदर्भ?’ उत्तर आलं, ‘मी वर होते.’

मी लिहिलं, ‘क्षमस्व, हा संदर्भ होत नाही.’ आणि तिसऱ्यांदा जुनं वाक्य बसवलं.

त्या भिंतीवर दोघीच होत्या, मुंगे. दुसरी जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे कोण लिहितंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रसिद्धीवाल्याचा फोन. “बाई, आज आभार मानायला केला. भिंतीचं वाक्य तुम्ही सांभाळलंत. अशी निःपक्षपाती माजी विद्यार्थिनी मिळायला भाग्य लागतं.” चार वर्षांत या माणसाने माझे आभार मानले नव्हते. मी फोन ठेवला आणि शेजारणीकडून माळ्यावरची ट्रंक उतरवून घेतली.

पान चौदावर लिहिणारीचं नाव नाही. नसणारच. त्या वर्षीची विद्यार्थिनी-संपादक मी होते. मुख्याध्यापिका मदरनी चिठ्ठीवर एवढंच दिलं होतं: भिंत पडली, दोन मुली जखमी, आता बऱ्या आहेत. वर म्हणाल्या, “शाळेला कमीपणा येणार नाही असं बघ.” ‘मनाई असताना’ हे शब्द माझे. त्याच आठवड्यात हेड गर्लचा बिल्ला कोणाला द्यायचा ते ठरणार होतं. खेळाच्या बाई तुला वर पाठवत होत्या तेव्हा मी व्हरांड्यातून बघत होते.

त्या दोन शब्दांवर शाळेने तुझ्या हातात दाखला ठेवला. डाव्या हातात, उजवा प्लास्टरमध्ये होता. बाबा जेवताना म्हणाले, “छापून आलंय, म्हणजे काहीतरी केलंच असशील.” मी ताटातून मान वर केली नाही.

तर मी चर्चापानावर खऱ्या नावाने हे सगळं लिहिलं. तिथली भांडणं सोडवणारी प्रचालक म्हणजे नातीच्या वयाची पोरगी. तिने कळवलं, “आजी, खरं असेल. पण हेही तुम्ही स्वतः पाहिलेलंच झालं. कुठे छापून आलंय का?” माझीच काठी, माझीच पाठ. मी म्हटलं, “नसेल तर आणते.”

वर्तमानपत्राला पत्र दिलं. रविवारी छापलं, कात्रण सोबत आहे. शाळा गप्प आहे. प्रसिद्धीवाल्याने फक्त विचारलं, “बाई, तब्येत बरी आहे ना?”

आता नोंदीत माझं वाक्य ‘वार्षिकानुसार’ म्हणून आहे, आणि त्यापुढे त्या पोरीने घातलंय: ‘हा मजकूर खोटा असून मुलींना शिक्षिकेने वर पाठवले होते, असे तो लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने नंतर जाहीर केले.’ कोरडं वाक्य आहे. मला याहून चांगलं लिहिता आलं नसतं. नोंद मी तिच्या हवाली केली. विशेषणं आता तिने उपटावीत.

तुझं घर इथून बसचे तीन थांबे. येऊन सांगता आलं असतं. ते जमलं नाही, म्हणून आधी परक्यांना सांगितलं. नोंद तटस्थ असावी लागते, त्यामुळे मला वाईट वाटल्याचा तिच्यात उल्लेख नाही. त्याला संदर्भ म्हणून हे पत्र तेवढं आहे.

उत्तर दे किंवा देऊ नकोस. दिलंस तर त्यातला एक शब्दही मी बदलणार नाही.

तुझी ताई,
पान चौदा, परिच्छेद दुसरा