कोंबड्या डालायची वेळ

४ जानेवारी १९७१, सोमवार
शाळेतल्या गुरुजींची बदली झाली, कोपरगावकडे. ट्रकमध्ये सगळं मावलं, कोंबड्या मावल्या नाहीत. त्यांच्या बाईंनी पाचही माझ्या दारात आणून सोडल्या. "तुम्ही एकट्याच असता, सोबत होईल. अंडी खा, पण कापू नका." तसं वचन दिलं.
दोन तांबड्या, एक ठिपक्यांची, एक तुरेवाली, एक काळी. काळीची नजर वाईट आहे. मला जोखत होती.
औषधांच्या रिकाम्या खोक्यांचं खुराडं सुताराकडून करून घेतलंय. आत-बाहेर फिनेलनं धुतलं. आत बसायला रंधा मारलेली गुळगुळीत फळी. मला तरी आवडलं असतं.
संध्याकाळी पाचही जणी उपकेंद्रामागच्या शेवग्यावर.

५ जानेवारी
ज्वारीच्या कण्या टाकत खुराड्यापर्यंत नेल्या. कण्या संपल्या, दारातून आत डोकावल्या आणि परत शेवगा. खराटा घेऊन मागे पळाले. पाण्याला निघालेल्या बायका घागरी खाली ठेवून बघत उभ्या. एक म्हणाली, "नर्सबाई, टोचून टाका त्यांना एकेक सुई." हसले. घरात येऊन मात्र हसू आलं नाही. सहा महिने झाले या गावात, आणि माझी गंमत बघायलाच बायका थांबतात. तपासून घ्यायला या म्हटलं की सगळ्यांना कामं असतात.

८ जानेवारी
फिनेलनं आणखी एकदा धुतलं. काही फरक नाही.

९ जानेवारी, शनिवार
सकाळी शेवग्याखाली तांबडी पिसं. दोघींपैकी एक गेली. रानमांजर, असं उपकेंद्राचा शिपाई म्हणाला. बाईंना काय लिहू? माणसांची मरणं पाहिलीत ट्रेनिंगमध्ये, एका कोंबडीसाठी अशी रडेन वाटलं नव्हतं. चूक माझी. उघड्यावर झोपू दिल्या.

१० जानेवारी
आज दिवेलागणीला सहज कुंपणापलीकडे बघितलं. ठकूमावशीच्या अकरा कोंबड्या. म्हातारी दाराशी दगडावर बसलेली, हातात काही नाही. "चला बाया," एवढंच म्हणाली. आणि त्या गेल्या! रांगेनं, एकीमागे एक, सासुरवाशिणी देवळात शिरतात तशा. शेवटची आत गेली तसं हिनं फळी सरकवली. उठताना गुडघ्यावर हात टेकला, बस. मी तोंड वासून बघत राहिले.
तिला विचारलं तर सांगेल. पण विचारू कुठल्या तोंडानं?
ठकूमावशी तीस वर्षं गावची सुईण. नवरात्रात वेशीजवळच्या घरातलं आठ दिवसांचं बाळ धनुर्वातानं गेलं. नाळ तिनं कापली होती, विळ्यानं. मी त्या दारात, सगळ्या बायकांसमोर, म्हणाले, "तुमच्या हातानं गेलं हे बाळ." ती पदर सारखा करून निघून गेली. त्यानंतर आम्ही एकमेकींच्या वाटेला नाही. दोन घरांमध्ये एक काटेरी कुंपण फक्त.

१२ जानेवारी
गेले. ती चुलीपुढे होती, वर बघितलं नाही.
"कोंबड्यांचं इचाराया आलायसा, का माझा इळा बघाया?"
"कोंबड्यांचं."
"मग मला कशाला इचारताय? त्यांचं त्या बघून घेत्याल."
परत आले. बरंच झालं म्हणायचं, माझीच लायकी ती.

१३ जानेवारी, बुधवार
दिवे लावत होते तर ठकूमावशी (यापुढं ठ. मा., रोज पूर्ण नाव लिहायचा कंटाळा) परसात उभी. मला हाक नाही, काही नाही. सरळ खुराड्यात डोकं घातलं आणि बाहेर काढलं.
"दवाखान्याचा वास मारतोय. ह्यात मी बी झोपनार न्हाई."
फिनेल! दोनदा धुतलं मी.
मग फळीवरून बोट फिरवलं. "ही काय पाटी हाय? पाय कशाला धरतील त्या?" माझी रंधा मारलेली फळी उपसून फेकली. घरी जाऊन बाभळीची मनगटाएवढी फांदी आणली, सालीसकट. ती बसवली. आत चुलीतली राख पसरली, कडुलिंबाचा पाला जाळून धूर केला. मी कंदील धरायला.
तोवर अंधार झाला. मग तिनं जे केलं ते लिहून ठेवते, विसरायला नको.
शेवग्याच्या फांद्या खालीच आहेत. तिनं तुरेवालीच्या पोटाखाली हात नेला. पालथा हात, अगदी सावकाश, छातीला लागेपर्यंत. कोंबडी जागी होती, पण ओरडली नाही. पाय उचलून आपणच हातावर चढली, जणू फांदी बदलली. तशीच हातावर बसवून खुराड्यापर्यंत नेली, बाभळीला टेकवली, तिनं पुन्हा पाय बदलले. झालं. पंखसुद्धा फडफडला नाही.
मी म्हटलं, मी धरते दुसरी. वरून पाठीला हात घातला. एकच कालवा! काळी उडून छपरावर.
"वरून न्हाई धरायचं. वरून येती ती घार," ठ. मा. म्हणाली. "खालून जायाचं. घाई नको."
तिघी आत. काळी छपरावर. जाताना म्हणाली, "तीन दिस दार उघडू नका. पानी-दाना आत. आपलं घर कंचं, त्ये त्यांच्या पायाला कळाया पायजे."
अहो-जाहो करते मला. रागानं.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेऊन गेले. घेतला. "गोड बोला" मीच म्हटलं, ती नाही.

१७ जानेवारी
सकाळी दार उघडलं. दिवसभर धाकधूक. संध्याकाळी शिकवल्याप्रमाणे दगडावर बसले, हातात काही नाही, आणि म्हटलं, "चला बाया." स्वतःचंच हसू आलं. ठिपकी आली, थांबली, मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, आत गेली! मग तुरेवाली. मग तांबडी. आतून जागेवरून भांडण, मग हळूहळू ती बारीक कुरकुर, झोपायच्या आधीची. किती बरं वाटतं ऐकायला.
काळी शेवग्यावर. अंधार पडल्यावर पोटाखाली हात नेला. चढली! हातावर तिचे गरम पाय. मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं, पण ओरडले असते तर.
कुंपणापलीकडून आवाज: "झालं का?"
"झालं, मावशी."

२३ जानेवारी
तिघी रोज आपणहून आत. काळीला रोज झाडावरून उतरवावं लागतं. ठ. मा. म्हणते, "आसूद्या. येक तशी आसतीच." आता ती रोज या वेळेला कुंपणाशी येते. कोंबड्यांचंच बोलतो, दुसरं नाही. तिच्या अकराही जणींची तिला सगळी माहिती: कोण कोणाशेजारी बसते, कोण कडेला, कोणाला मध्ये जागा लागते. म्हणाली, अंधारात नुसता हात फिरवून सांगीन कोन कंची. फिरवून सांगितलंही. मी कंदील लावून पडताळलं. अकराच्या अकरा बरोबर.

२९ जानेवारी, शुक्रवार
डॉक्टर आले, महिन्याची भेट. रजिस्टर बघितलं. सहा महिन्यांत गावात सतरा बाळंतपणं, माझ्याकडे चार. म्हणाले, "सिस्टर, त्या सुईणीचं काहीतरी करा. एक तर तिच्याविरुद्ध लेखी द्या, नाहीतर तिला आपल्या केंद्रावर सुईणींच्या ट्रेनिंगला पाठवा. एक महिना. गावातून एक जागा आहे. २२ फेब्रुवारीपर्यंत नाव कळवा."
नवरात्रात म्हणाले असते तर लेखी त्याच दिवशी दिलं असतं.
संध्याकाळी ठ. मा.ला सांगणार होते. कोंबड्यांचंच बोललो.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
अक्षर वेडंवाकडं येतंय.
दुपारी बारा वाजता शेवंताचा दीर पळत आला. शेवंता पहिलटकरीण, दिवस भरलेली. तिची तपासणी मी दोनदा केली होती, सगळं ठीक असं लिहिलं होतं. गेले तर ठ. मा. आधीच तिथं. बायकांनी आम्हा दोघींकडं बघितलं आणि बाजूला झाल्या. आता भांडण होणार, असं त्यांच्या तोंडावर.
ठ. मा. पोटावर हात फिरवत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "डोकं वर हाय. पायाळू येतंय."
मी तपासलं. नळी लावून ठोके ऐकले, बेंबीच्या वर. तिचं खरं.
पहिलटकरीण, पायाळू. आम्हाला शिकवलंय, थेट दवाखाना. नऊ मैल. ज्वारीची काढणी चाललेली, सगळ्या गाड्या शिवारात. माणूस पाठवला, पण शेवंताला थांबायला वेळ नव्हता.
मी असं बाळंतपण ट्रेनिंगमध्ये एकदा पाहिलंय, डॉक्टरांच्या मागे उभं राहून. केलेलं नाही. तिला विचारलं, "मावशी, तुम्ही किती केलीत अशी?"
"मोजली न्हाईत. लई."
"मग तुम्ही करा. पण हात मी सांगते तसे धुवायचे. आणि नाळ मी कापणार."
ती माझ्याकडं बघत राहिली. मग दोन्ही हात पुढे केले. मी तिची नखं कापली. साबण लावून कोपरापर्यंत घासलं, दोनदा, उकळलेल्या पाण्यानं. केवढे खरखरीत हात, आणि बोटं किती मऊ वळतात. ती तशीच उभी होती, लहान मुलीसारखी.
आणि मग. मी जन्मभर विसरणार नाही. तिनं ओढलं नाही. एकदाही नाही. पाय आले, कंबर आली, शेवंता किंचाळतेय, सासू म्हणतेय ओढा ओढा, आणि ठ. मा. नुसता हात खाली धरून बसलेली. "येऊ दे. त्येचं त्ये येतंय." मला वाटत होतं घाई करा, घाई करा. तोंडातून काढलं नाही, देवाची कृपा. खांदे सुटले, मग तिनं बाळ जरा उचललं, डोकं अलगद सुटलं. निळं होतं. मी तोंड पुसलं, पाठ चोळली. रडलं.
मुलगा. नाळ मी बांधली, उकळलेल्या कात्रीनं कापली. बेंबीला लावायला राख घेऊन सासू उभी होती. ठ. मा.नं तिचा हात बाजूला केला. "नर्सबाई म्हनत्याल तसं."
गाडी आली तेव्हा शेवंता चहा पीत होती.
घरी यायला अंधार. बघते तर काळीसुद्धा आत. आज कोणी नव्हतं म्हणून असेल!

६ फेब्रुवारी
काळी परत शेवग्यावर.

९ फेब्रुवारी
बाळाकडे रोज जाते. बेंबी कोरडी. दूध नीट ओढतंय. पण आठवा दिवस जाईपर्यंत काही खरं नाही. ठ. मा.ही रोज येते, काहीतरी निमित्त काढून. दोघी बाळाच्या जबड्याकडं बघतो (धनुर्वातात आधी तोच आवळतो) आणि एकमेकींकडं बघत नाही.

१३ फेब्रुवारी, शनिवार
आठवा दिवस गेला. बाळ ठणठणीत. शेवंताच्या सासूनं दोघींना खण दिला. दोघींना, एकाच ताटातून.
संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात डालून झाल्यावर ठ. मा. कुंपणाशी उभी राहिली. नेहमीसारखी गेली नाही.
"ह्या पोराला काय झालं न्हाई. त्येला का झालं?"
कुठलं बाळ ते विचारावं लागलं नाही. खोटं बोलता आलं असतं. देवाची मर्जी म्हटलं असतं तर तिनं मान डोलावली असती. पण तिनं माझ्यापुढं हात धरले होते धुवायला. सांगितलं. विळ्याला माती लागलेली असते, त्यातून विष जातं. कात्री उकळली की मरतं ते.
"म्हंजी माझ्या इळ्यानं."
"विळ्यावरच्या मातीनं, मावशी."
"इळा माझाच हुता."
मी म्हटलं, मी तेव्हा जसं बोलले तसं बोलायला नको होतं. ते तिनं ऐकलंच नसावं. म्हणाली, "तीस वर्सं झाली. म्हंजी आनखी किती?"


१४ फेब्रुवारी
ठ. मा. दिसली नाही.

१६ फेब्रुवारी
दिसली नाही. पहाटेच शेतात जाते म्हणे, परत येते ती थेट आत. धाकट्या आळीतली एक बाई अडली म्हणून घरचे तिला बोलवायला गेले, तर "नर्सबाईला न्या" म्हणाली. बाळंतपण मी केलं. मुलगी, सात पौंड. सगळं व्यवस्थित झालं. तरी सारखं वाटत होतं, शेजारी ती हवी होती. तिचा हात पोटावर फिरला की मला धीर येतो, हे आज कळलं.
ट्रेनिंगचं पत्र ठेवून आले तिच्या पलीकडच्या शेजारणीकडे. वाचून दाखवलं म्हणाली. ठ. मा. काय म्हणाली? "कायबी न्हाई."

२० फेब्रुवारी, शनिवार
आज दिवेलागणीला पलीकडून कोंबड्यांचा कालवा. बघितलं तर अकराही जणी बंद खुराड्यापुढं घुटमळतायत. दगडावर कोणी नाही. दोघी-तिघी भिंतीवर चढल्या. राहवलं नाही. कुंपणाच्या फटीतून गेले, साडी फाटली. फळी काढली, दगडावर बसले. हाक मारायला तोंड उघडलं, पण ते शब्द तिचे, मला म्हणवेनात. नुसती बसून राहिले. गेल्या तशाच आठ जणी. भिंतीवरच्या तिघींना अंधार होऊ दिला, मग एकेक पोटाखाली हात घालून उतरवली. एकही ओरडली नाही.
फळी लावून वळले तर दारात ठ. मा. बसलेली, दिवा न लावता. केव्हापासून कोण जाणे.
"हात बरा बसला तुजा," म्हणाली. तुझा म्हणाली.
मी उंबऱ्याशी बसले. खुराड्यातून ती झोपायच्या आधीची कुरकुर.
मग म्हणाली, "तितं शिकाया समद्या तरन्याच आसतील, न्हाई?"
"ठाऊक नाही, मावशी."
"लिवाया-वाचाया लागतं?"
"नाही. हातानं करून दाखवायचं."
मग तिनं विचारलं, "अकरा भरल्या का?"
"अकरा."
"मोजल्या?"
"हात फिरवून."
हूं, एवढंच. उठून आत गेली, दिवा लावल्याचा उजेड दारात पडला. दार लावलं नाही तिनं.
ट्रेनिंगचा फॉर्म टेबलावर आहे. सोमवारच्या एस. टी.नं जायला हवा. नावाची जागा कोरी ठेवलीय, तिच्या तोंडून हो येईपर्यंत.