चूल न पेटलेल्या घरी नेलेलं पीठ

प्रिय शमीमखाला,

आज संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद. तुझ्याशिवायची पहिली. सकाळपासून मी तीनदा हे पत्र लिहायला बसले आणि तीनदा उठले. तुझ्या सुनेला, रुबीनाला, संध्याकाळपर्यंत मला एक उत्तर द्यायचं आहे. ते आधी तुला सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून निघणार नाही.

सकाळी ती आपल्या दोन घरांमधल्या भिंतीवरून वाकून म्हणाली, "ताई, अम्मी दर ईदेले तुमच्याकडे कच्चंच सामान पाठवायची. शेवया, साखर, खारीक, खोबरं. मी काय पाठवू? कच्चं का शिजवलेलं?"

आणि मी काय म्हणाले? "आईले विचारून सांगते." बी.ए. झालेली मी! घरातली पहिली पदवीधर!

तू असतीस तर शिलाई मशीन थांबवून हसली असतीस. तसं हसण्याचं कारण मी तुला आधीच दिलं होतं, नाही का? कॉलेजच्या स्पर्धांची भाषणं मी तुझ्याच ओसरीवर पाठ करायची. घरी कोण ऐकणार? तू ब्लाउजला हूक लावता लावता ऐकायचीस. "सारे धर्म सारखे, हे जरा जोरात म्हण वं मास्तरीन! मोताळ्याच्या बाजारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

भाषण संपलं की तू केळं पुढे करायचीस. "खाय. सालीतलं हाये, तुह्या मायले चालते."

मी हसायची. केळं सोलून खायची. आणि पुन्हा समतेवर बोलायला लागायची! त्या भाषणाला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस घेताना अंगातला ड्रेसही तूच शिवलेला होता. खाला, तुला कधी टोचलं नाही? की टोचायचं, आणि म्हणूनच तू घरातली केळी कधी संपू देत नव्हतीस?

मला तुझा थोडा रागही येतो. एकदा तरी शिजवलेल्या शिरखुर्म्याची वाटी माझ्यासमोर आदळायची होतीस! आमच्या होळीची पुरणपोळी तू दारातच उभी राहून खायचीस आणि वर आईला सुनावायचीस, "वहिनी, यंदा वेलची हात सोडून टाकली वाटते." आमच्या घरचं तुला चालायचं. तुझ्या घरचं आम्हाला नाही. इतकं उघड होतं ते, आणि बक्षीस मिळवणाऱ्या मुलीला दिसलं नाही.

आईला तू परकी होतीस असं नाही. माझ्या जन्माच्या वेळी दवाखान्यात तिच्या उशाशी तूच बसली होतीस, हे तीच मला सांगते. पण तुझ्या घरचं शिजवलेलं का चालत नाही, विचारलं की म्हणते, "सासूनं घालून देलं, ते मी चालवलं." एवढंच. त्यात तिला काही दुष्टपणा दिसत नाही. खरं सांगू? मलाही फारसा दिसला नव्हता. तू गेलीस त्या दिवसापर्यंत.

हरभऱ्याला घाटे धरले होते तेव्हाची गोष्ट. तुला दफन करून माणसं परत आली. आईनं रडत रडत ताट भरलं: पीठ, तुरीची डाळ, तांदूळ, मीठ. "नेऊन दे. पाहुणे असतील." मी घेऊन निघाले. एका क्षणासाठीही थांबले नाही.

रुबीनानं ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ताई," ती हळूच म्हणाली, "तीन दिवस चूल नाही पेटत आमच्याकडे."

आमच्याकडे तरी कुठे पेटते गं? मयताच्या घरी शेजारपाजारचे शिजवून नेतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझे आजोबा गेले तेव्हा दोन्ही वेळचं पिठलं-भाकरी आम्ही शेजाऱ्यांचंच खाल्लं होतं. तरी तुझ्या दारात मी कोरडं पीठ घेऊन उभी राहिले! कोपऱ्यातल्या एक म्हाताऱ्या बाई रुबीनाला म्हणाल्या, "ठेवून घे बेटा, उनकी रीत है वो." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन आईला सांगितलं. "अवं माय, माह्या ध्यानातच नाही आलं!" तिनं लगेच भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मग तिचा हात थांबला. "पण ते खातील का आपलं?"

"खाला खायची ना, आई. दर होळीले."

तिनं भाकऱ्या केल्या. पण तोवर तुझ्या बहिणीकडचे डबे आले होते, आणि आमच्या भाकऱ्या आमच्याच घरी राहिल्या.

आज रुबीनाचा प्रश्न मी आईला विचारला. ती सुपात डाळ निवडत होती.

"मले काऊन विचारतं वं? तुले खायचं तं खाय. मी आडवी येत नाही."

"आणि तू?"

तिनं सुपातली डाळ पाखडली. "माह्यासाठी कच्चंच सांग." मग मान वर न करता म्हणाली, "पण ते पीठ तुह्या हाती पाठवाले नव्हतं पाहिजे म्या."

मी तिच्याशी भांडले नाही. तिला पटवायला माझ्याकडे भाषण आहे, पण ते मी केळं खाऊन केलेलं भाषण आहे. ते आता कोणत्या तोंडानं म्हणू?

म्हणून हे पत्र संपलं की मी भिंतीपाशी जाऊन रुबीनाला सांगणार आहे: आईसाठी कच्चं पाठव, दरवर्षीसारखं. माझ्यासाठी काहीच पाठवू नको. मी येते. खाला, तुझ्या ओसरीवर, तुझ्या मशीनशेजारी बसेन आणि तुमच्या पातेल्यातला, तुमच्या वाटीतला शिरखुर्मा खाईन. फाटकातून कोण बघतं ते बघणार नाही. पुढच्या वर्षीही येईन, आणि त्याच्या पुढच्याही. आई कधी सोबत आली तर तिची वाटी मी भरीन. नाही आली तर मी एकटी येईन, पण येईन.

आणि रुबीनाला हेही सांगेन, की उद्या घरात केळी आणू नकोस.

तुझी,
भाषण विसरलेली मास्तरीण