सुट्टीबुवाच्या पायाचं माप

शुक्रवार, ११ एप्रिल

पुन्हा भांडण. विषय तोच — सुट्टीबुवा!

हा बुवा सासरहून आलेला. सुट्टी लागायच्या आदल्या रात्री म्हणे घरात शिरतो, मुलांचे शाळेचे बूट पळवतो आणि त्या जागी काहीतरी गंमत ठेवून जातो. सुट्टी संपली की बूट परत, तेही चकचकीत पॉलिश करून! माझा बेकरीवाला नवरा चिंगीसाठी हे नाटक इतकं मन लावून करतो की विचारू नका. बेकरीतला मैदा आणून जिन्यावर पावलंसुद्धा उमटवतो. पुसायला आहेच मी.

दिवसभर मी दुकानादुकानांतले काटे तपासत हिंडते. वजनात जरा खोट दिसली की दुकानदाराची गय करत नाही. आणि घरी येऊन पोटच्या पोरीला धडधडीत फसवायचं?

"अगं, ही फसवणूक नव्हे, गंमत आहे!"

"दुकानदारही असंच काहीतरी म्हणतात," मी म्हटलं.

मग म्हणतो, "तुझ्या माहेरी कुणी कधी काही पळवलं नाही, म्हणून तू अशी." लागलंच मला ते. रात्रीची भाजी मुद्दाम अळणी केली. मलाही तीच खावी लागली.

शनिवार, १२

चिंगी शाळेतून रडत आली. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बुवाबिवा काही नसतो. तुझे आईबाबा खोटारडे आहेत." चिंगीने तिची वेणी ओढली. तिने चिंगीचा डबा उपडा केला. बाईंनी दोघींना वर्गाबाहेर उभं केलं.

"मी बाईंना सांगितलं, माझी आई कधीच खोटं बोलत नाही!"

आज ना उद्या हिला कळणारच. मग माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवेल ही? ताप चढल्यावर मी "घाबरू नकोस, बरं वाटेल" म्हणेन, तेव्हा काय समजेल? छे! सांगून टाकायचं.

रविवार, १३

सांगितलं. आणि कार्टी विश्वासच ठेवत नाही!

समोर बसवून म्हटलं, "हे बघ, बूट बाबा लपवतो. बुवा वगैरे कुणी नाही." ती खो खो हसत सुटली. "आई, बाबाला स्वतःचा चष्मा सापडत नाही. तो माझे बूट लपवणार?"

मुद्दा बिनतोड होता. पण मीही काही कमी नाही. गेल्या वेळच्या मैद्याच्या पावलांचं माप मी तेव्हाच घेऊन ठेवलं होतं — सवय! नवरा कोचावर घोरत पडला होता. टेप आणला, चिंगीच्या देखत त्याचं पाऊल मोजलं. तंतोतंत! चिंगीचे डोळे हे एवढे झाले.

"म्हणजे... बुवाचे पाय अगदी बाबाएवढे आहेत?"

आणि धावत गेली आजीला सांगायला! सासूबाई म्हणतात, "ह्याला तर आठवीपर्यंत खरा वाटायचा बुवा. काही बिघडलं का त्याचं?" कोचावरच्या त्या ध्यानाकडे पाहिलं आणि उत्तर गिळलं.

सोमवार, १४

बूट लपवायची जागा दाखवायला तिला माळ्यावर चढवलं. रिकामी! असणारच, बूट तिच्या पायांत होते. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

मंगळवार, १५

सकाळी वेणी घालताना चिंगीने विचारलं, "आई, तू लहान होतीस तेव्हा तुझ्याकडे आला होता बुवा?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही गं."

अर्धी वेणी तशीच सोडून वळली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. जणू मीच तिची लहान मुलगी. "बिच्चारी," म्हणाली. मी तिला ओरडले, उशीर होतोय म्हणून. रडू येत होतं मला, खरं तर.

शुक्रवार, १८

आजपासून चिंगीला दहा दिवसांची सुट्टी. आणि कहर झाला! चिंगीचे बूट जागच्या जागी, आणि माझे ऑफिसचे बूट गायब! त्यांच्या जागी बेकरीच्या कागदात गुंडाळलेली एक लाल शिट्टी. जिन्यावर मैदा. पावलं कसली, नुसते फराटे.

नवऱ्याला फोन केला. "शप्पथ, मी नाही! सुट्टीच्या ऑर्डरी आहेत, रात्रभर भट्टीपाशी होतो." खोटारडा! असं म्हटलं खरं, पण आवाज खरा वाटत होता.

फराटे मोजायला टेप काढला. परत ठेवला. का, ते मला विचारू नये.

चपला घालून कामावर गेले. साहेबांनी विचारलं, "मॅडम, पायाला लागलंय का?"

"नाही, बूट चोरीला गेलेत."

"कोणी नेले?"

"तपास चालू आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

संध्याकाळी घरी कुणी नाहीसं पाहून शिट्टी वाजवली. तीनदा! शेजारीण धावत आली.

बुधवार, २३

नवीन बूट घ्यायला दुकानात गेले. घेतले नाहीत. सुट्टी संपेपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

सोमवार, २८

दारात माझे बूट. पॉलिश नाडीलाही फासलेलं! हरखून सांगायला आत निघाले, तर स्वयंपाकघरातून चिंगीचा दबका आवाज —

"बाबा, आईला सांगायचं नाही हं, शपथ आहे! तू बुवा आहेस हे तिने टेपने मोजलं ना, तेव्हाच कळलं मला. पण ह्या वेळचा बुवा मी आहे हे तिला नको सांगूस. आत्ता कुठे खरं वाटायला लागलंय तिला. जरा मोठी झाली की सांगू."

चोरपावलांनी दारापर्यंत मागे आले. बूट पायांत चढवले, जोरजोरात आपटले आणि ओरडले, "चिंगे, पळत ये! बुवा येऊन गेला!"